ठेच्याले उगाच बदनाम केलं

माहं माहेर अचलपूरकडचं, ताई. बाप पालेभाजीचा मळा करे, आन् मी लहानपणापासून जुड्या बांधायले बसायची, म्हणून लगन होऊन अमरावतीले आली तरी हात दुसरं काही शिकला नाई. आजबी टोपलं घेऊन गल्लीगल्लीनं फिरते, अंबाडी, चुका, पालक, मेथी, जे दिवसाचं असंल थे. लोकं म्हणतात, भाजीवालीच्या घरी काय मजा असंल, रोज ताजी भाजी. काय सांगू तुमाले, माह्या घरचा माणूस पाल्याले शिवत नव्हता. पाला ढोरानं खाव, म्हणे. ह्यायले पायजे जवारीची भाकर, घट्ट वरण, आन् पाट्यावरचा हिरव्या मिरचीचा ठेचा, वरून तेलाची धार. उरलेल्या जुड्या मंग मीच शिजवायची आन् मीच खायची.

हे नांदगाव पेठेले कापडाच्या कारखान्यात होते, पाळीवर. मशीनवर डोळा लागू नये म्हणून खर्रा सुरू केला, आन् मंग पाळी नसली तरी तोंडात खर्राच. खर्रा ठाऊक आहे ना तुमाले, सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून देते पानठेल्यावाला. आमच्या इकडं पाहुणा आला का पाण्याच्या आधी खर्रा पुढं करतात, लगनात तसं मयतीत, त्यात कोणाले वावगं वाटत नाई.

तर एक दिवस हे जेवता जेवता ताटावरून उठले. तोंड जळून रायलं म्हणे, काय टाकलं ठेच्यात? मी म्हटलं रोजचाच आहे. दुसऱ्या दिवशी थेच. सासूबाई म्हणे, तुही मिरचीच लय जहाल, माणसाची जीभ सोलली तुनं. झालं, साऱ्या घरानं ठरवलं, ठेचा बंद, पाटा नेऊन भिंतीले टेकवला. बरं, ठेचा गेला तर भाकर कशी उतरणार, आमच्या घरात सपक कोणी खाल्लं होतं कधी? मंग भाकरबी गेली, आन् हे दोन्ही येळ चहात टोस्ट बुडवून खायले लागले. खर्रा मात्र चालूच. त्यानं तोंड सुन्न होते, बरं वाटते, म्हणे. सांगा आता! चोर घरातच बसलेला आन् आमी शेजाऱ्याले धरून मारून रायलो.

माह्या डोक्यातून मात्र एक गोष्ट जाये ना. थोच ठेचा मी खाल्ला, सासूबाईनं खाल्ला, मंग आमचं तोंड काहून नाई जळत? इचारलं तर हे म्हणे, बायाचं तोंड असतेच जहाल. सारे हासले, मीबी हासली. पण पुढं पुढं ह्यायचं तोंडच उघडेना, टोस्टाचा तुकडाबी आत जाईना. गालाच्या आत पाह्यलं तर पांढरा चट्टा, त्यावर जखम, काही केल्या भरेना. तवा मी कोणाचं ऐकलं नाई. माही नणंद अकोल्याले असते, तिच्याकडं गेलो आन् तठी मोठ्या दवाखान्यात दाखवलं.

डाक्टरीणबाईनं तुकडा काढून तपासाले पाठवला, कॅन्सर निघाला. हा माणूस जाते आता, एवढंच मनात. तरी तोंडातून निघालंच, बाई, ठेच्यानं झाला का हो? त्या म्हणाल्या, नाही हो, ठेचा नुसता जखमेले झोंबत होता, जखम खर्र्यानं केली. मंग मी म्हटलं, एकाच चुलीवरचं आमी दोघं खातो, मी पाला खाते, हे नाई खात, त्याचं काही असते का? त्या हासल्या नाईत, नीट सांगतलं. ज्यायच्या ताटात भाजी-फळं बरी असतात त्यायच्यात हा तोंडाचा, घशाचा रोग कमी दिसते म्हणे, पण पाल्यातलं कोणतं सत्त्व नेमकं काय करते थे अजून पक्कं नाई, आन् ताकदीच्या गोळ्या गिळून थे काम होत नाई. आन् खर्रा चालू ठेवून वरून भाजी खाल्ली तर भाजीच्या भरवशावर राहू नका, पयले खर्रा सोडा.

ऑपरेशन झालं, मशीनवर किरणायचे शेक झाले, नाकातल्या नळीतून पेज. लय भेव वाटलं त्या दिवसांत. पण वाचले, बाप्पा.

आता मी गिऱ्हाइकायले हे सारं सांगते, तर त्याचंबी लोकं काय करतात पाहा. एक रिक्षावाला आहे, गालात खर्रा धरून म्हणते, मावशी, दोन जुड्या पालक दे, इकडून खर्रा तिकडून पालक, हिशोब बराबर. मी जुड्या मागं ओढल्या. म्हटलं, बापा, आधी थुंक, मंग घे. थुंकला त्या दिवशी. उद्याचं देव जाणे.

हे आता घरीच असतात. तोंड उघडते थोडंसं, पालक शिजवून, घोटून पातळ केला का चमच्यानं खातात. ढोराचं खाणं म्हणत होते ना, आता माह्या बाजूले बसून जुड्या निवडतात, हे पान किडकं आहे म्हणून मलेच सांगतात. ह्यायच्यासमोर तिखट खायले जीव होत नव्हता, म्हणून मीबी सपकच खाल्लं इतके दिवस. तर आज सकाळी बोबडं बोबडं म्हणाले, पाटा काढ. म्हटलं, काहून, तुमाले झोंबते ना? तर म्हणे, तुह्यासाठी वाट. उगाच बदनाम केलं त्याले. मी वास घेतो.

वाटला मंग. हे पाट्याजोळच बसून होते, डोळे मिटून.

देव करो न् तुमच्या साऱ्यायचं तोंड ठेचा खायपुरतं धड राहो, ताई. आता उठू नका, जेवूनच जा.