नाच दारातून सुरू होतो

नुबार : अगं, चाळीस दिवस झाले ना लेकीला? मग आता वाऱ्याला कसली भितेस? सगळं शेकी शहर हिंडवून आण तिला. घे, चहा घे आधी.

आयबेनिज़ : नको बाई. खांद्यावर झोपलीय. चहा गरम, चुकून माझा हात हलला तर?

नुबार : तुझा हात! नाचाच्या तालमीत मी घसा फोडून ओरडायचे, "पोरी, जरा हलव गं तो हात." तेव्हा नाही हलला, आता कुठला हलतोय?

आयबेनिज़ : चेष्टा नको बाई. एक विचारू? रागावणार नाही ना?

नुबार : रागावेन. विचार.

आयबेनिज़ : मघाशी मी दुपटं बाजूला करून हिचं तोंड तुमच्यापुढे धरलं. सासूबाई नकोच म्हणत होत्या, दृष्ट लागेल म्हणून. मी म्हटलं, घराबाहेरच्यांत पहिल्यांदा माझ्या बाईच बघणार. आणि तुम्ही काय म्हणालात? "खिडकी लाव."

नुबार : तोंडावर कौतुक करू नये पोराचं.

आयबेनिज़ : नुसतं "माशाल्ला" म्हणायचं होतं! आधीच माझा जीव थाऱ्यावर नसतो. ही झोपली की मी नाकाशी बोट धरून बघते, श्वास चालू आहे ना. त्यात तुम्ही तोंड फिरवलंत.

नुबार : वेडी आहेस.

आयबेनिज़ : असेन. पण हा पेला बघा. काठोकाठ भरून बशीत सांडलाय. "ओठांपुरती जागा सोडावी, नाहीतर पाहुण्याचा अपमान होतो," हे आम्हाला कोणी शिकवलं? बाई, माझ्या डोक्यावरच्या रुमालाचा रंग कोणता?

नुबार : लाल. तुला लालच आवडतो.

आयबेनिज़ : मी रुमाल बांधलेलाच नाही.

नुबार : ...आई झालीस आणि पोलीसच झालीस की गं.

आयबेनिज़ : कधीपासून, बाई?

नुबार : हिवाळ्यापासून. उजेड कळतो, माणसं नुसती सावल्या. बाकूचे डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. कुठे बोलू नकोस. उद्या सांस्कृतिक भवनाचे साहेब नवरोजचा नवा नाच बघायला येणार. त्यांना कळलं की एक शाल, एक पुष्पगुच्छ, लांबलचक भाषण, आणि म्हातारी घरी.

आयबेनिज़ : पण मग तालीम कशी घेता?

नुबार : कानांनी. कमरपट्टा वाजला की समजावं, पोरगी चालत नाहीये, उड्या मारतेय. घागऱ्याखाली पाय कोणाला दिसतात? दिसतात ते हात, आणि हात मला पाठ आहेत. आपल्या नाचातले हात म्हणजे रेशीम कारखान्यात उकळत्या पाण्यातून धागा काढणाऱ्या बायकांचे हात. मीही त्यांच्यातलीच. सासऱ्यांनी घागरा लपवला, तर कामाच्या झग्यात नाचले होते.

आयबेनिज़ : आणि पहिल्या रांगेत सासरेच टाळ्या वाजवत होते. किती वेळा सांगाल?

नुबार : मरेपर्यंत. आण, तिची बोटं दे माझ्या हातात. हळू.

(नुबार बाळाची मूठ आपल्या तळहातात घेते.)

नुबार : माशाल्ला. मनगट बघ कसं वळलंय. हे तुझ्याकडून नाही आलेलं.

आयबेनिज़ : बाई!

नुबार : ऐक. नव्या नाचात सगळं बसलंय, फक्त सुरुवात नाही. नाचातली बाई दारातून आत येते, ती कशी? पोरींना चालवून चालवून थकले. एकजात बदकं. नाच दारातून सुरू होतो. तेच जमत नसेल तर उद्या मीच सांगते साहेबांना, शाल घेऊन या.

आयबेनिज़ : असं नका बोलू. मी येते ना उद्या. मी बघेन, तुमच्या कानात सांगेन. पण हिला कुठे ठेवू? तिथे तो ढोल, दारं सताड उघडी...

नुबार : थांब. मघाशी तू आत आलीस, तेव्हा मी दचकले. का?

आयबेनिज़ : काय माहीत. मी तर हाकही मारली नव्हती.

नुबार : तेच! या घरात मांजर शिरलं तरी जमिनीच्या फळ्या कुरकुरतात. आणि तू तर टाचा आपटणारी, जन्मभर त्यापायी माझी बोलणी खाल्लीस. आज पायांचा आवाजच नाही. मला वाटलं, कोणीतरी नाचणारी आली.

आयबेनिज़ : हिची झोप मोडू नये म्हणून जपून आले, एवढंच.

नुबार : दारापाशी जा. पुन्हा आत ये.

आयबेनिज़ : आत्ता? बरं, हिला दिवाणावर ठेवते आणि—

नुबार : नको. तिला घेऊनच ये.