मोटारीत मी अन् म्होरं बाप

आमचं गाव गोंदियाकडच्या गोरेगावच्या अलीकडं, धानाच्या बांध्यांमधी. माझा बाप पांडू, मालगुजाराच्या, म्हंजे गावच्या जमीनदाराच्या घरचा गाडीवान, त्याचा बापबी गाडीवान. मी सोमा, मीबी बैलच हाकलो असतो, पन काय सांगू तुमाले, धाकल्या मालकानं नागपुरातून मोटार आनली. कोन्या साहेबाची होती, तो विलायतले परत चालला होता. साधी मोटार नोती ते. दोनच मानसं बसत, लांब नाक, नाकावर चामड्याचा पट्टा, शर्यतीत पळवासाठी केलेली. चालू केली का गोठ्यातले बैल दावं तोडत. धाकले मालक म्हनाले, सोम्या, तू बस, तुले शिकवतो. मंग मी चालवाले शिकलो. चालवाले, बरं का. आतमधी काय हाय ते मले ठावं नोतं.

एका पावसाळ्याच्या तोंडावर इंजिनात ठकठक वाजून राहिलं, मंग धूर, मंग बंदच पडलं. नागपूरचा मिस्त्री येईना, रस्त्यानं चिखल, मोटार न्यावी कशी. मोठे मालक, म्हंजे धाकल्याचे वडील, म्हनाले, टाका ते डबडं गोठ्यात. धाकल्या मालकाचं तोंड उतरलं, अन् माझ्या तोंडून निघून गेलं का मालक, मी खोलतो, मले जमल. मोठे मालक हसले. तुले काय येते रे, म्हनाले. तवा माझा बाप, जो मालकाम्होरं कधी मान वर करून बोलला नाई, तो दारातून म्हनला, पोरगा करतो म्हनते त करल मालक, मी हाव ना.

एवढंच बोलला. पन बोलला.

मंग काय, गोठ्यात चटया अंथरल्या अन् खोललं इंजिन. मोटारीसंगं नट खोलाच्या पान्यांची थैली आली होती, तेवढंच हत्यार. माझी बायको सरू, तिनं घरातली सारी सुपं आनून देली, एका सुपात स्क्रू, एकात स्प्रिंगा. सरू म्हने, एवढे तुकडे परत जागेवर बसतील का हो? मी म्हनलो, बसतील. गावातले लोक पाहाले येत, धानाची रोवनी सोडून येत. कोनी म्हने, पोट फाडलं रे मोटारीचं. मलेबी गोडी लागली होती त्याची, खोटं कायले बोलू. पिस्टनवरची काजळी बांबूच्या चिपेनं खरडली, सारं घासलेटात धुतलं, व्हॉल्व हातानं घासता घासता तळव्याले फोड आले. पिस्टनचे दांडे क्रँकले, म्हंजे फिरत्या आसाले, धरून राहाते ना, त्या जागी दांड्याले लोखंडाची टोपी असते, आतमधी पांढऱ्या धातूचं अस्तर. एकाचं अस्तर वितळलं होतं. ते गोंदियाच्या राइस मिलच्या मिस्त्रीकडून ओतून आनलं. साऱ्या टोप्या एकाच घमेल्यात धुतल्या अन् हाताले आली ते बसवली. टोप्यांवर बारीक टिंब होते ठोकलेले. मले वाटलं, कोनाचा तरी हातोडा लागला असल.

इंजिन चालू झालं तवा मले रडू आलं. मोठ्या मालकानं नारळ फोडला. बाप बाजूले उभा होता, हसून राहिला होता, त्याले हसताना मी लय कमी पाहालो.

बाजाराच्या दिवशी धाकले मालक म्हनाले, चल, गोरेगावले जाऊ, लोकाइले दाखवू. मी चालवत होतो. बाजाराच्या मधोमध, भाजीवाल्यांपाशी, आतून असा आवाज आला का कोनी घन मारून राहिलं, अन् गाडी जागेवर बसली. लोक गोळा झाले. धाकले मालक उतरले, कोनाच्या तरी छकड्यात बसले अन् घरी निघून गेले.

त्यांनी बैल धाडले. बैल घेऊन कोन येनार? बापच आला. मी म्हनलो, बाबा, मी बैल धरतो, तू बस मोटारीत. बाप म्हनला, चाक कोन फिरवल मंग, मले येते का? खरंच होतं त्याचं. मंग दोर बांधला अन् मी बसलो त्या चामड्याच्या गादीवर, अन् माझा म्हातारा बाप चिखलात पायी, बैलाम्होरं, साऱ्या बाजारातून. कोनी म्हनलं, पाहा रे, पांडूच्या घरी साहेब जलमला. बाया तोंडाले पदर लावून हासत. मान खाली घालावी त मोटार नालीत जाते, मान वर करावी त बापाची पाठ दिसते. घरापर्यंत पाठच पाहात आलो मी. भिजलेली बंडी, अन् त्यानं एकदाबी मांगं वळून पाहालं नाई.

दारात मोठे मालक उभे होते. बापाले म्हनाले, पांडू, तू म्हनला होता ना? बाप म्हनला, हो मालक, म्हनलो होतो. बस. मले दोन शिव्या देल्या असत्या त बरं झालं असतं. त्या दिवशी मी जेवलो नाई, अन् सरूनंबी जेव म्हनलं नाई, तिले समजत होतं.

परत खोललं इंजिन. कोनी सांगतलं नाई, मीच खोललं. पोत्यात भरून दांडे-टोप्या गोंदियाले नेल्या. मिलचा मिस्त्री पाहून म्हनला, अरे भाई, हर टोपी अपने डंडे की होती है, ये निशान काहे के लिए हैं? ते टिंब. एक टिंब त्या दांड्यावर, एकच त्याच्या टोपीवर, दोनाले दोन. पोट्ट्याले समजल अशी गोष्ट. मी मिलच्या फाटकाबाहेर येऊन खाली बसलो.

मंग नवं अस्तर ओतून खुना पाहून बसवलं. चाललं, चांगलं चाललं, मालक नागझिऱ्याच्या जंगलापर्यंत शिकारीले नेत. मी बापाले एकदा म्हनलो, बाबा, चाल, एक चक्कर मारू. तो म्हनला, नको, माझे पाय मातीचे, गादी खराब होईल. काऊन असं म्हनला, रागानं का खरंच, मी विचारलो नाई. माझी हिंमत झाली नाई. जर्मनच्या लढाईत पेट्रोल मिळनं बंद झालं तवा मालकानं मोटार विकून टाकली.

आता मी कोहमाऱ्याच्या चौकात लॉऱ्या दुरुस्त करतो, लोक मिस्त्री म्हनतात. औंदा स्वराज्य आलं, चौकात झेंडा लागला, बरं वाटलं. बाप थकला, त्याले दिसत नाई. सांजच्याले घरी गेलो का माझ्या हाताच्या तेलाचा वास येते त्याले, मंग विचारते, चालू झाली का रे आजची? मी म्हनतो, हो बाबा, झाली. तो म्हनते, बरं झालं, जेव आता. त्याले दिसत नाई, तरी मी मान खाली घालूनच जेवतो.