सैल पट्टा

टे नदीच्या धक्क्यावर होडीची वाट पाहत उभा होतो. पुढे दोन म्हाताऱ्या.

"काय गं मुरिएल, लेक अर्ल झाला, राजाचा एवढा मोठा सरदार, आणि तू पायी?"

"पाय आहेत अजून."

"राजानं म्हणे स्वतःच्या हातानं त्याच्या कमरेला पट्टा बांधला! नशीब काढलंस बाई."

"तो पट्टा जुन्या अर्लचा आहे, बेथोक."

"ज्यांचं मुंडकं उडवलं, त्यांचा?"

"त्यांचाच. राजाची माणसं मागावर होती म्हणून आमच्याकडे आसऱ्याला आले होते. मीच म्हटलं, 'जेवताना तरी तलवार सोडा, घर आपलंच आहे.' त्यांनी पट्ट्यासकट काढून माझ्या हातात दिली."

"अगं बाई! मग?"

"मग काय, लापशी निम्मी संपली नाही तोच आमच्या पोरानं दार उघडून शिपाई आत घेतले."

"तुला ठाऊक नव्हतं ना?"

"मला कुठलं ठाऊक! मी आणखी वाढत होते त्यांना."

"जाऊ दे. शोभतो का गं त्याला पट्टा?"

"सैल होतो. काल घेऊन आला माझ्याकडे. म्हणाला, 'आई, एक भोक पाडून दे.'"

"तोंडावर फेकायचास की!"

"पाडून दिलं गं. वर चरबीसुद्धा चोळून दिली, कातडं चिरायला नको म्हणून."