गुहागरची वाळू

कऱ्हाडच्या स्टँडवर चारुशीला सांगलीच्या गाडीसाठी बाकावर टेकली, तर शेजारच्या रंगूबाई बोलायला आसुसलेल्याच.

"गुहागरास्नं आलो. देऊळ बघितलं, सुरूचं बन बघितलं."

"समुद्र आवडला?"

"लय उपकार झालं बाई त्येचं."

"समुद्राचे?"

"व्हय. आमचं मालक फौजेतलं. लगीन झाल्यापास्नं ते फुडं, मी मागं. वाळूतबी तसंच. लाट आली, पायाखालची वाळू सरली, मी वरडले. तर मागं आलं आन् सगळ्यांदेखत हात धरला."

"मग?"

"मग पार देवळापतूर सोडलाच न्हाई."

तेवढ्यात मालक दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आले.

"गाडी लागली. चल."

ते झपाझप पुढे निघाले. रंगूबाई सवयीनं मागे.

गाडीच्या दाराशी ते थांबले, आणि दोन्ही पिशव्या त्यांनी एकाच हातात घेतल्या.