बल्ब लावून पाह्यलेली बॅटरी

एक नाई ताई, दोन. मी एक बॅटरी देतच नाई आता — तीन मीटर पंखाचं विमान म्हनता, पेट्रोलचं इंजिन म्हनता, अन् बॅटरी मागता एक? बसा ना स्टुलावर, उभ्या काऊन? थे झोला ठेवा खाली. नाई? बरं बावा, राहू द्या मांडीवर. तं आइका — पोट्ट्यायचं थर्माकोलचं विमान पडलं तं काय होते, नाक तुटते, डिंक लावला का झालं. तुमचं हे बारा किलोचं धूड हाये. अंगावर येते थे. अन् इंजिन बंद पडलं तं विमान पडते असं वाटते ना तुमाले? अजिबात नाई. इंजिनाले पेट्रोल हाये, थे तं चालूच राह्यते. बॅटरी कायले पाह्यजे मंग? आत एक डबी राह्यते, रिसीवर — तुमच्या हातातल्या रिमोटचं आइकनारी. तिले वीज देते थे बॅटरी. वीज कमी पडली का डबी बंद. दोन सेकंदात चालू होते पुन्हा, नाई म्हनत नाई मी, पन दोन सेकंद विमान कोनाचंच नसते. मानूस वढून राह्यला रिमोट, अन् थे आपलं चाललं भलतीकडं. म्हनून दोन बॅटऱ्या, दोघीयचे बटनं वेगळे. एक मेली तं दुसरी सांभाळते. इथं कंजुषी करू नोका.

चहा थंडा होऊन राह्यला तुमचा. घ्या ना. — सर्वो कोनते घेता? पंखाची पट्टी हलवनारी लहानी मोटर हो, तेच. आत दात राह्यते तिच्या. प्लास्टिकचे दात नोका घेऊ, कोनी फुकट देल्ले तरी नोका घेऊ. लोखंडी दाताचे घ्या, अन् एका पट्टीले एक असा हिशोब नोका करू, मोठ्या पंखाले दोन-दोन लागते. पन गंमत अशी हाये का सर्वो जेवढे तगडे, तेवढे खादाड. जमिनीवर उभं असते तेव्हा काही खात नाई. हवेत जोरानं वळवलं का आठही सर्वो एकदमच वढते बॅटरीले, अन् थे कमजोर असली तं तिथंच मान टाकते. रिमोट चांगल्या कंपनीचा घ्या, अन् त्याच्यात एक सेटिंग राह्यते — सिग्नल तुटला तं इंजिन आपोआप मंद झालं पाह्यजे. थे मी करून देतो. धम्मदीप सरच्या विमानालेबी मीच करून देल्लं होतं. कोन म्हंजे? इथलेच, शाळेत विज्ञान शिकवते. शिकवत होते. सोडा थे.

बॅटरी चांगली हाये थे कसं कळन? हां, हे इचारलं तुमी कामाचं! मीटर लावून कळत नाई. मीटर खोटं बोलते — मेलेली बॅटरीबी मीटरवर फुल दाखवते, तिच्यावर वजनच नाई ना. म्हनून मी हे बनवलं, हे पाहा. मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब, लाकडाच्या पाटीवर ठोकलेला. बॅटरी जोडायची अन् दहा मिनिटं बल्बाकडं पाहत राह्याचं. चांगली असन तं उजेड तसाच. कमजोर असन तं मिनिटातच पिवळा, मंग लाल. अख्ख्या सिंदीत दुसऱ्या कोनाजवळ नाई हे. अन् आपल्याकडची गरमी कशी हाये तुमाले मालूम हाये — टिनाच्या खाली बॅटरी फुल चार्ज करून उन्हाळाभर ठेवली का अंदरून मरते, वरून नवीच्या नवी दिसते. होती तशी एक माझ्याकडं, वरच्या फळीवर, मे-जून तिथंच पडून... होती म्हंजे, फेकली मी थे. फेकली कवाच.

हे लाल डाग? कुंकू होय थे. खंडेनवमीचं. आमच्या दुकानात बत्तीस साल झाले, नवमीले सगळे औजारं पाटावर — पेचकस, पक्कड, मीटर, हा बल्ब — झेंडूचा हार, कुंकू, अन् दुसऱ्या दिवशी आरती होयेपर्यंत कोनी हात लावाचा नाई. मी सोता नाई लावत! मांगच्या नवमीले एका पुढाऱ्याचा मानूस आलता इनव्हर्टर घेऊन, घरी पाव्हने बसून हाये म्हने. मी म्हनलं, बापा, आज माझे औजारं देवाजवळ हाये, परवा ये. गेला बडबडत. गावात कोनालेबी इचारा, रूपराव नवमीले पेचकसबी उचलत नाई. गिऱ्हाईक आलं तं फळीवरचा माल देतो, बस. औजाराले हात नाई म्हंजे नाई.

गरम होते का तुमाले? लाइट गेली नं, पंखा बंद हाये, येईन आता.

थे धम्मदीप सरचं आइकलंच असन तुमी. सगळ्या जिल्ह्यानं आइकलं. दसऱ्याचा दिवस, तिसऱ्या पाहारी, टेकडीजवळच्या पडीत जागेत उडवून राह्यले होते, शाळेचे पोट्टे पाहाले आलते, मीबी गेलतो. चांगलं उडलं हो! दोन चकरा मारल्या. तिसरीले वळलं अन् सरळ चाललं गेलं — सर वढून राह्यले, वढून राह्यले, 'ऐकून नाई राह्यलं, रूपरावजी' म्हने, मले अजून आइकू येते थे — अन् रस्त्याच्या पल्याड पऱ्हाटीत देवकाबाई कापूस वेचत होती, वाकून. तिनं वर पाह्यलंबी नाई. दवाखान्यात नेल्लं, पन कायचं. मी धावलो होतो पयले. कापसाची ओटी तशीच होती कमरेले.

लोक म्हनते, सर मस्ती करून राह्यले होते, पोट्ट्यायले दाखवाले खालून आनलं. मीबी पोलिसाले तेच सांगतलं. अन् बॅटरीचं इचारलं तं सांगतलं, आदल्या दिवशीच नेल्ली सरनं माझ्याकडून, मी सोता बल्ब लावून पाह्यली, दहा मिनिटं, उजेड जरासाबी कमी नाई झाला. लिहून घेतलं त्यायनं, मी सही केली. सर दोन मागत होते, पन दुकानात एकच होती — मी म्हनलं, एकीवर होऊन जाते, मी सांगतो ना. मंगळवारी कोर्टात तारीख हाये, तेच पुन्हा सांगाचं हाये. सर बसले घरी, नोकरी लटकली, आता जेलात जाईन म्हनते लोक. त्यायची बायको ज्योत्स्ना आलती इथं, याच स्टुलावर बसून रडली. म्हने, भाऊजी, थे बॅटरी सापडली असती तं कळलं असतं. खरं हाये, पंचनाम्यात सगळं मिळालं, सर्वो मिळाले, इंजिन मिळालं, बॅटरी कुठं उडाली थे देवालेच ठावं. वाईट वाटते मले. लय वाईट वाटते. पन आदमी आपला धंदा पाहीन का नाई? उद्या गावानं म्हनलं रूपरावनं मेलेला माल देल्ला, तं कोन येईन या दुकानात?

काय काढून राह्यल्या झोल्यातून?

हे... कुठं भेटलं हे? माती लागली हाये. पऱ्हाटी उपटताना? कोनाच्या वावरात — थांबा. थांब. देवकाबाईची आचल होय ना तू? समुद्रपूरले देल्ली होती तुले. मी ओळखलंच नाई. पयलेच काऊन नाई सांगतलं, मी आपला सर्वो अन् रिमोट करून राह्यलो... विमान नाईच ना घ्याचं तुले?

हौ, माझीच हाये. हे पट्टी मीच लावली, अक्षरबी माझंच. 'बल्ब चेक, ठीक. रूपराव.' सवयच हाये मले थे, बॅटरी देल्ली का पट्टी लावाची, तारीख टाकाची. एक ऑक्टोबर. बरोबर हाये, दसऱ्याच्या आदल्या दिवशी... भिंतीकडं काऊन पाहून राह्यली? जुनं कॅलेंडर हाये थे, मांगच्या सालचं. ऑक्टोबरच्या पुढं पानच नाई उलटलं मी, हात नाई झाला. एक तारीख, बुधवार. खाली बारीक अक्षरात — वाच ना. वाच तूच. खंडेनवमी.

सर घाईत होते. 'एकडाव बल्ब लावून पाहाले काय जाते, रूपरावजी' म्हने. मी हासलो. म्हनलं, सर, बल्ब आज देवाजवळ हाये. फळीवरून काढली, पुसली, पट्टी लावली. एवढंच. एवढंच केलं मी. तुह्या मायनं वरबी नाई पाह्यलं, आचल.

नाई, आता बल्ब लावून काही दिसनार नाई. राहू दे. जा तू. दुकान बंद हाये. अन् थे बॅटरी इथं नोको ठेवू — ने, संग ने, मंगळवारी कोर्टात घेऊन येजो. माझ्यापाशी राह्यली तं मी फेकून देईन. जाता जाता शटर ओढून घेजो.