वड्यापल्याडचं पाल

पाल कुठं ठोकायचं, एवढ्या गोष्टीवरनं माझं डोस्कं अजून तापतंय, बघा. ऐंशी सालाच्या आसपास निपाणीजवळ गाण्याचं तीन दिवसांचं संमेलन होतं. गावोगावच्या गायन पार्ट्या माळावर पालं ठोकून ऱ्हायच्या. आमची भीमगीतांची पार्टी सगळ्यांच्या आधी पोचली आणि विहिरीजवळची उंच, कोरडी जागा धरली. आमचे आप्पा ढोलकी मढवायचे. कातड्याला ओल चालत न्हाय.

तेवढ्यात संमेलनाचा कारभारी आला. आमची पार्टी कसली ते इचारलं आणि म्हणाला, "तुमी वड्यापल्याड जावा रं. हितं विहीर हाय."

मी म्हटलं, "मग? आमाला तहान लागत न्हाय व्हय?"

आप्पांनी माझा दंड धरला, पाल उपटलं आणि वड्याच्या, म्हंजे ओढ्याच्या, पल्याड ओलसर जागेत ठोकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच पार्टीची ढोलकी फुटली. संध्याकाळी तर त्यांचं गाणं! मग हाच कारभारी वडा ओलांडून पळत आला. "आप्पा, तेवढी मढवून द्या की!"

मी नको नको म्हणत होतो. आप्पांनी दुपारभर बसून मढवून दिली.

आणि ह्या माणसानं काय करावं? आमचा हात लागला म्हणून ढोलकी बाटली! शुद्ध करायला वड्यातलं तांब्याभर पाणी तिच्यावर ओतलं. नव्या कोऱ्या कातड्यावर, आमच्या डोळ्यांदेखत!

संध्याकाळी परत हजर. "आप्पा, ढोलकी बोलंना."

आप्पा जागचे उठलेसुद्धा न्हाईत. म्हणाले, "आता पाण्यालाच वाजवाय सांगा."