पायाचं बोट हाताला

नीरजा आज ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांना नाही सांगायला आली होती. मशीनमध्ये गेलेल्या अंगठ्याच्या जागी पायाचं बोट लावून घ्यायचं, हे तिच्या मनाला पटतच नव्हतं. शेजारच्या बाकावर खडवलीच्या रंगूबाई नवऱ्याला, गुणाजींना, समजावत होत्या.

"हात खिशातून बाहेर काढा की. कुणी खात नाय तुम्हाला."

"लोक बघतात."

"बघू द्या. पायाचं बोट हाताला आलंय, बढतीच झाली त्याची."

"तुला मस्करी सुचते."

"मग काय रडत बसू? डॉक्टरांनी भिंगाखाली केसाहून बारीक धाग्याने नसा शिवल्या. मला सुईत दोरा ओवता येत नाय."

"थंडीत ठणकतं गं."

"ठणकतं म्हणजे जिवंत आहे. काल म्हशीची धार कुणी काढली?"

"मीच."

"आणि माझी वेणी कुणी घातली?"

"हळू बोल. लोक ऐकतात."

तेवढ्यात नर्सने नीरजाचं नाव पुकारलं. ती आत जाऊन डॉक्टरांसमोर बसली, तिने उजव्या पायातली चप्पल काढली आणि पाऊल त्यांच्यापुढे केलं.